इम्प्लांटवर संशोधन करायचंय? पदार्थ सगळ्यांत शेवटी निवडा

शिवाजीनगरला सीओईपीच्या आवारापासून संचेती हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे. एका बाजूला धातुशास्त्राचा विभाग, दुसऱ्या बाजूला गुडघे-खुबे बदलणारी ऑपरेशन थिएटरं. पाषाण रस्त्याने निघालं की एनसीएल लागते, पॉलिमरच्या संशोधनात देशभर नाव असलेली. तिच्या शेजारीच आयसर. विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाची एनसीसीएस, आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था. धनकवडी, वडगाव, पिंपरी, कॅम्प अशी चारी दिशांना दंतमहाविद्यालयं, वानवडीला एएफएमसी. आणि भोसरी-चाकणला मायक्रॉनच्या मापात धातू कातणारी वर्कशॉपं.

एवढं सगळं एका शहरात असूनही इम्प्लांटवरचं आपलं बरंचसं काम अजून एकेकट्याने चालतं. एमडीएसची विद्यार्थिनी प्रबंध लिहिते, तिचे नमुने चाचणीसाठी कुठल्याशा खासगी प्रयोगशाळेत जातात आणि आकडे ईमेलने परत येतात. मशीन तिने पाहिलेलंही नसतं. एमटेकचा विद्यार्थी टायटॅनियमवर लेप चढवतो, सूक्ष्मदर्शकाखालचे देखणे फोटो छापतो. पण तो लेप ज्या जबड्यात जायचा, त्या जबड्यावरची शस्त्रक्रिया त्याने कधी उभं राहून पाहिलेली नसते. मेहनत दोघांची खरी असते. तरीही दोन्ही प्रबंध कपाटात जातात, कारण एकाकडे प्रश्न होता आणि दुसऱ्याकडे साधन, आणि दोघांची गाठ पडली नाही.

दंतवैद्यक, अस्थिशल्यचिकित्सा, धातुशास्त्र, पॉलिमर किंवा पेशीविज्ञान शिकणाऱ्या आणि शरीरात वर्षानुवर्षं टिकेल असं काही घडवू पाहणाऱ्या तरुणांसाठी हा लेख आहे. ज्यांच्या वर्कशॉपमध्ये असे भाग तयार होऊ शकतात, त्यांच्यासाठीही आहे. माझं सांगणं एकच : काम सुरू करण्याआधी डॉक्टर, पदार्थ जाणणारा, पेशी जाणणारा आणि प्रत्यक्ष भाग घडवणारा, अशा चौघांना एकत्र बसवा. पदार्थ कोणता घ्यायचा, हे त्या बैठकीनंतर ठरवा.

प्रश्न ओपीडीतून आणा

डॉ. के. एच. संचेती यांनी पुण्यात विकसित केलेल्या ‘इंडस नी’ या कृत्रिम गुडघ्याचं उदाहरण घ्या. परदेशी गुडघे पाश्चात्य माणसांच्या मापांवर आणि सवयींवर बेतलेले होते. आपल्याकडचा माणूस पूजेला मांडी घालून बसतो, शेतात खुरपणीला उकिडवा बसतो, भारतीय पद्धतीचा संडास वापरतो. हाडांची मापंही लहान. म्हणजे या कामाची सुरुवात मिश्रधातूपासून झाली नाही, माणूस बसतो कसा यापासून झाली.

बसण्याची ही पद्धत पदार्थाचीही परीक्षा पाहते. गुडघा खूप वाकला की मांडीच्या हाडावर बसवलेला धातूचा भाग मागे सरकतो आणि पॉलिइथिलीनच्या थाळीच्या मागच्या कडेवर टेकतो. टेकण्याची जागा लहान होते, म्हणून तेवढ्या जागेवरचा दाब वाढतो आणि थाळी तिथेच जास्त झिजते. ही गोष्ट डॉक्टरला एक्स-रेवरून आणि रुग्णाच्या तक्रारीवरून ठाऊक असते. पॉलिमरवाल्याला ती कुणी सांगितली तरच कळते.

असे प्रश्न आपल्या आसपास भरपूर आहेत. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी बायका आजही मिश्री लावतात, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड रोज हिरड्यांवर चोळतात. तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा घटतो, जखम भरायला वेळ लागतो. अशा तोंडात इम्प्लांटचा पृष्ठभाग कसा असावा? सुपारी फोडणाऱ्या दाढेवर जो एकदम झटका बसतो, तो स्क्रू आणि वरची टोपी किती वर्षं सोसतील? मधुमेह तर घरोघरी आहे. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर या जिल्ह्यांत पाण्यात फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत. फ्लोराइडने बदललेल्या हाडात स्क्रू कसा धरतो, हा प्रश्न स्वीडनमधल्या किंवा स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळेला पडण्याचं कारण नाही. तो आपल्यालाच पडायला हवा.

म्हणून विद्यार्थ्यांना माझा पहिला सल्ला असा : साहित्याचा आढावा सुरू करण्याआधी ओपीडीत बसा. तुम्ही इंजिनिअर असाल तर डॉक्टरांची परवानगी घेऊन फॉलोअपच्या दिवशी जा, आणि इम्प्लांट बसवून पाच-दहा वर्षं झालेली माणसं परत येतात तेव्हा काय म्हणतात ते ऐका. डॉक्टर असाल तर उलट दिशेने जा; नमुन्यावर पुन्हा पुन्हा भार टाकून पाहणाऱ्या फटिग मशीनपाशी एक दिवस उभे राहा.

याहून मोलाचा एक खजिना आपण अक्षरशः कचऱ्यात टाकतो. शरीरातून काढावा लागलेला प्रत्येक इम्प्लांट हा पुरावा असतो. कुठे झिजला, कुठून तडा सुरू झाला, कोणत्या कडेला गंज धरला, हे सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं. पण २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार धातूचे इम्प्लांट निळ्या गटात जातात, आणि सगळी गोष्ट तिथे संपते. हे थांबवायचं असेल तर रुग्णालयाच्या नैतिकता समितीकडे आधीच प्रस्ताव द्यावा लागतो, रुग्णाची लेखी संमती घ्यावी लागते, आणि काढलेला भाग निर्जंतुक करून, त्यावर क्रमांक घालून, एक्स-रे आणि नोंदींसह ठेवावा लागतो. रुग्णाचं नाव त्यावर नको. भाग साफ करताना ब्रशने घासू नका. घासलं की शस्त्रक्रियेतला ओरखडा कोणता आणि ब्रशचा कोणता, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. एखाद्या महाविद्यालयाने असा संग्रह पाच वर्षं नेमाने केला, तर त्यातून जे शिकता येईल ते शंभर नव्या लेपांतून शिकता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

चार्न्लीची मांडी आणि क्रेव्हनचं मशीन

आजच्या खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे इंग्लंडमधले सर जॉन चार्न्ली यांची हकिगत प्रत्येक गटाने पहिल्या बैठकीत वाचावी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन निवडलं. निसरडं, रसायनांना न बधणारं, शरीरात स्वस्थ राहणारं. कागदावर याहून चांगला पदार्थ नव्हता. सुमारे तीनशे रुग्णांना त्या वाट्या बसल्या. मग दोन-तीन वर्षांत त्या झिजून पातळ झाल्या, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे झिजलेल्या बारीक कणांभोवती शरीराने गाठी धरल्या, आसपासचं हाड पोखरलं गेलं. टेफ्लॉनचा तुकडा शरीर मुकाट्याने सोसतं, पण त्याचीच पूड सोसत नाही, हे तेव्हा कळलं. शरीराला चालणारा पदार्थ म्हणजे त्याचा तुकडा चालणारा पदार्थ, असं समजू नका. त्याची झीज, त्यातून सुटणारे आयन, त्यावर राहिलेलं तेल, सगळंच शरीराला चालावं लागतं.

पुढचा भाग जास्त शिकवणारा आहे. १९६२ मध्ये एका विक्रेत्याने दाट पॉलिइथिलीनचा तुकडा चार्न्लींच्या प्रयोगशाळेत आणला. चार्न्लींनी नखाने दाबून पाहिलं आणि त्यात काही दम नाही म्हणून विषय सोडला. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने मात्र तो तुकडा झीज मोजण्याच्या मशीनवर लावला आणि चार्न्ली परदेशी गेले असताना ते मशीन चालू ठेवलं. आठवडे गेले तरी झीज नगण्य. तोच पदार्थ, पुढे अधिक जड रेणूंच्या रूपात, आजही जगभरच्या गुडघ्या-खुब्यांत बसतो आहे. चार्न्लींनी नंतर टेफ्लॉन आणि पॉलिइथिलीनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले आणि दोन्हींवर शरीर कसं वागतं ते तपासलं. त्यांच्या निष्ठेला नमस्कार. पण आज कुणी असं करू नये, त्यासाठी नियम आहेत.

क्रेव्हनची आठवण मी मुद्दाम काढली. आपल्या संस्थांमध्ये मशीन चालवणारा माणूस बैठकीला बोलावला जात नाही आणि शोधनिबंधावर त्याचं नाव येत नाही. तुमच्या गटात हे घडू देऊ नका. मशीनचा आवाज बदलला हे सगळ्यांत आधी त्याला कळतं.

पदार्थाचे गुण कोष्टकात, दोष कारखान्यात

आता पदार्थाकडे येऊ. फार लांबण लावत नाही, कारण पाठ्यपुस्तकं चांगली आहेत. पण एक आकडा सर्वांनी, डॉक्टरांनीसुद्धा, ध्यानात ठेवावा. बाहेरच्या घट्ट हाडाचा ताठपणा साधारण १५ ते २० गिगापास्कल असतो. टायटॅनियमचा ११० च्या आसपास, स्टीलचा २०० च्या जवळपास, कोबाल्ट-क्रोमियमचा त्याहूनही जास्त. ताठ धातूचा दांडा हाडात घातला की भार दांडाच उचलतो, हाडाला काम उरत नाही, आणि काम नसलेलं हाड हळूहळू विरळ होतं. ‘जितकं मजबूत तितकं चांगलं’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. उलट पीक नावाच्या पॉलिमरचा ताठपणा चारच्या आत असतो. तो हाडाला कामाला लावतो, पण हाड त्याला सहजी चिकटत नाही. टायटॅनियमला हाड थेट धरतं, हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांवरच्या प्रयोगात दिसलं. ते त्या वेळी रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी निघेना, म्हणून त्यांनी तिचा पिच्छा पुरवला, आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसले.

नव्या गटांना माझी विनवणी आहे की सर्वस्वी नवा पदार्थ शोधण्याच्या मागे लागू नका. शरीरात आधीपासून वापरात असलेला पदार्थ घेतला तर निम्मी लढाई आधीच जिंकलेली असते. एनसीएलमधून निघालेल्या सेरिजेन या कंपनीने रेशीम घेतलं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. रेशमाच्या धाग्याने टाके घालणं शल्यचिकित्सेत जुनं आहे. त्याच रेशमातलं फायब्रॉइन नावाचं प्रथिन वेगळं करून त्याला हाडातली पोकळी भरण्याजोगं रूप द्यायचं, असा तो विचार.

आणि पदार्थ म्हणजे नुसतं रासायनिक सूत्र नव्हे, तो कसा बनवला तेही त्यातच आलं. फ्रान्समधल्या एका कंपनीचे झिर्कोनियाचे खुब्याचे गोळे अनेक वर्षं नीट चालले होते. १९९८ मध्ये कारखान्याने भट्टी बदलली. एकेक घाणा भाजणाऱ्या भट्टीऐवजी सलग चालणारी बोगद्याची भट्टी आली. पूड तीच, सूत्र तेच. पुढे रुग्णांच्या शरीरात गोळे फुटू लागले आणि २००१ मध्ये माल परत मागवावा लागला. आज दाताच्या टोप्यांसाठी झिर्कोनिया भाजणाऱ्या प्रत्येक डेंटल लॅबने ही गोष्ट भिंतीवर लावावी. संशोधन करताना भट्टीचा आलेख, पुडीचा लॉट क्रमांक, कातताना वापरलेलं कूलंट, हत्यार कधी बदललं, हे सगळं वहीत उतरवा. ‘नमुने वर्कशॉपमधून करून घेतले’ एवढ्या एका वाक्यावर प्रबंध उभा राहत नाही.

भोसरीतल्या वर्कशॉपवाल्यांसाठी खास सांगतो. तुमचं माप अचूक असतं, यात शंका नाही. पण टायटॅनियमचा भाग कालपर्यंत स्टील कातलेल्या मशीनवर, त्याच जुन्या तेलात कातला, तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेल आट्यांच्या खाचेत बसतं. डोळ्याला तो भाग चकचकीत दिसेल, पण पेशी त्यावर मरतील. पृष्ठभाग खडबडीत करायला ॲल्युमिनाचा मारा केला असेल तर त्याचेही कण मागे राहतात. इम्प्लांटसाठी वेगळं हत्यार, वेगळं कूलंट, मग अल्ट्रासॉनिक धुणं, आम्लाची प्रक्रिया आणि शेवटी धूळमुक्त जागेत पॅकिंग, हा क्रम ठरवूनच नमुने द्या. हे संशोधकाने सांगायला हवं. त्याने नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

चाचणीला किती दिवस लागतात?

विद्यार्थ्यांचं वेळापत्रक इथेच कोलमडतं. दातांच्या इम्प्लांटची फटिग चाचणी आयएसओ १४८०१ या मानकाने होते. नमुना ३० अंशांत तिरका धरायचा, हाड ३ मिलिमीटर झिजलं आहे असं गृहीत धरून तेवढा भाग उघडा ठेवायचा, आणि त्यावर पुन्हा पुन्हा भार टाकायचा. कोरड्या स्थितीत सेकंदाला १५ फेऱ्यांच्या वेगाने ५० लाख फेऱ्या करायच्या तर एकाच नमुन्याला जवळजवळ चार दिवस लागतात. तोंडातल्यासारख्या ओल्या, ३७ अंशांच्या खारट द्रवात सेकंदाला दोन फेऱ्यांनी २० लाख फेऱ्या घेतल्या तर साडेअकरा दिवस. वेगवेगळ्या भारांवर नमुने तपासायचे असतात, आणि सगळे यशस्वी झाले तर भार वाढवून पुन्हा. म्हणजे एक आलेख काढायला मशीन कित्येक महिने अडकतं. गुडघ्याच्या झिजेच्या चाचणीत सेकंदाला एक फेरी धरली तर ५० लाख फेऱ्यांना ५८ दिवस होतात, आणि अधूनमधून मशीन थांबवून थाळी धुऊन, वाळवून, वजन करावं लागतं ते वेगळंच.

यावर उपाय म्हणजे काम वाटून घेणं. एका एमडीएस प्रबंधात सगळं बसवू नका. एका महाविद्यालयाने स्क्रूच्या सैल होण्याचा अभ्यास घ्यावा, दुसऱ्याने त्याच लॉटच्या नमुन्यांवर पृष्ठभागाचा, अभियांत्रिकी महाविद्यालयाने फटिगचा. नमुने एका ठिकाणी, एका दिवशी, एका पद्धतीने तयार झालेले असावेत, म्हणजे तिन्ही प्रबंधांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतील. आज असं होत नाही, म्हणून एकाच शहरातले दहा प्रबंध एकमेकांना काहीच सांगत नाहीत.

तुटलेला नमुना फेकू नका. तडा आट्यांच्या मुळाशी सुरू झाला की स्क्रूच्या मानेशी, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. रुग्णाच्या तोंडातून निघालेल्या तुटक्या स्क्रूशी तो ताडून पाहा. दोन्ही तडे एकाच जागी, एकाच रूपाचे दिसले तर तुमची चाचणी खरी. वेगळे दिसले तर मशीनवरचा आकडा कितीही मोठा असो, त्याचा उपयोग नाही.

पेशीतज्ज्ञाला अखेरीस बोलावू नका

आपल्याकडे सर्रास असं चालतं : पदार्थ तयार झाला, चाचण्या झाल्या, शोधनिबंध अर्धा लिहून झाला, मग कुणाला तरी आठवतं की ‘बायोकॉम्पॅटिबिलिटी’ राहिली. मग घाईघाईने नमुने पेशींच्या प्रयोगशाळेत. आयएसओ १०९९३ मालिकेतली पहिली सोपी चाचणी म्हणजे पदार्थाचा अर्क काढून तो पेशींवर घालणं. जिवंत पेशींचं प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेलं की पदार्थ नापास. इथे अनेकदा पदार्थ निर्दोष असूनही नापास होतो, कारण तो नीट धुतलेला नसतो किंवा त्याचं निर्जंतुकीकरण चुकलेलं असतं. पेशीतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून सोबत असेल तर तो हे आधीच सांगतो.

निर्जंतुकीकरण कसं करणार, हे तर पदार्थ ठरवतानाच ठरवा. पॉलिइथिलीनला हवेत गॅमा किरण दिले की ते ऑक्सिजनशी संयोग पावून ठिसूळ होत जातं. पाकिटात नुसतं पडून राहिलं तरी. विरघळणारे पॉलिमर वाफेत टिकत नाहीत. ज्या पद्धतीने अंतिम वस्तू निर्जंतुक होणार, त्याच पद्धतीने निर्जंतुक केलेल्या नमुन्यांवर सगळ्या चाचण्या करा, यांत्रिकही.

प्राण्यांवरचे प्रयोग शेवटी आणि कमीत कमी. त्यासाठी संस्थेची प्राणी-नैतिकता समिती आणि केंद्राच्या सीसीएसईएची नोंदणी लागते. प्रत्येक ससा वाचवता आला तर वाचवा. आधीच्या चाचण्यांमध्ये आळस केला म्हणून प्राण्याने जीव का द्यावा?

कागदपत्रं, पैसा आणि नावं

मैत्रीवर सुरू झालेली सहकार्यं नावांच्या क्रमावरून मोडतात. पहिल्या महिन्यातच दोन पानी करार करा : नमुने कुणाचे, माहिती कुणाची, निबंधावर कोण कितवा, पेटंट झालं तर संस्थांचा वाटा किती. विद्यार्थ्याचं नाव त्यात लेखी असू द्या. तो वयाने लहान असतो आणि सगळ्यांत आधी त्याचंच नाव गळतं.

परिषदेत पोस्टर लावण्याआधी पेटंटचा विचार करा. एकदा जाहीर झालं की नावीन्य संपलं, असंच बहुतेक वेळा होतं. तात्पुरता अर्ज करून ठेवला तर पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. उपचाराच्या पद्धतीला भारतात पेटंट मिळत नाही. वस्तूला आणि ती बनवण्याच्या प्रक्रियेला मिळू शकतं.

सरकारी नियमांचा बाऊ करू नका, पण त्यांना शेवटी भेटू म्हणून टाळूही नका. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे आहेत आणि बहुतेक इम्प्लांट त्यातल्या सी किंवा डी वर्गात येतात, म्हणजे परवाना दिल्लीच्या केंद्रीय यंत्रणेकडून. चाचणीपुरते थोडे नग बनवायलाही वेगळा परवाना लागतो, त्याचा अर्ज एमडी-१२. माणसांवरच्या तपासणीसाठी एमडी-२२. पैशासाठी बायरॅकचं ‘बिग’ अनुदान आहे, ५० लाखांपर्यंतचं. एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर या योजनेत मार्गदर्शन करतं. अर्ज भरण्याआधी तिथल्या लोकांशी बोलून घ्या.

आणि वेळेचा अंदाज खरा ठेवा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाची झडप बनवायला घेतली, तेव्हा एकामागून एक नमुने फसले. नीलमणी स्फटिकाची चकती सोडून द्यावी लागली आणि शेवटी पॉलिइथिलीनची चकती बसली. पहिली झडप माणसाला डिसेंबर १९९० मध्ये बसवली गेली, दशकाहून अधिक काळच्या खटाटोपानंतर. आज त्या झडपा बसवलेल्यांची संख्या एक लाखावर आहे. शल्यचिकित्सक आणि इंजिनिअर एकाच छताखाली, रोज एकमेकांसमोर होते, म्हणूनच एवढी अपयशं पचवता आली.

बसवल्यानंतरचं काम

इम्प्लांट विकला गेला की संशोधन संपलं, असं मानणाऱ्या गटापासून लांब राहा. धातूवर धातू घासणारा एएसआर नावाचा खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये वापरला गेला होता. कोबाल्ट आणि क्रोमियमचे आयन रक्तात उतरत होते, खुब्याभोवतीच्या ऊती मरत होत्या. या प्रकरणात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने सर्वांत आधी हालचाल केली, याचा आपल्याला अभिमान असावा. पण पुढे कित्येक रुग्णांचा पत्ताच लागेना, कारण कुणाला कोणता नग बसवला याची नीट नोंद नव्हती.

त्यानंतर, जुलै २०१५ मध्ये, देशात मटेरियोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू झाला. इम्प्लांट सैल झाला, तुटला, भोवती सूज आली, तर डॉक्टर किंवा रुग्ण स्वतः १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवू शकतो. डॉक्टरांनो, अशी नोंद म्हणजे तुमच्या शस्त्रक्रियेवर ठपका नाही. कृपा करून कळवत जा. संशोधकांनो, तुमच्या गटाने बनवलेल्या वस्तूसाठी दहा वर्षांच्या फॉलोअपची वही पहिल्याच दिवशी उघडा आणि ती सांभाळण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा.

शेवटी ज्यांच्या अंगात इम्प्लांट आहे किंवा बसायचा आहे, त्या वाचकांसाठी. खोक्यावरचं लॉट क्रमांकाचं स्टिकर मागून घ्या आणि डिस्चार्ज कार्डासोबत फाइलला लावा, दाताच्या इम्प्लांटचंही. तक्रार नसली तरी फॉलोअपला जा. आणि कधी तो काढायची वेळ आलीच, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, ‘हा अभ्यासासाठी कुठे देता येईल का?’